एक फेरा घरचा

आमचे हे पत्रेवाले. घरांवर, गॅरेजांवर, गोदामांवर पत्रे घालायचं काम करतात. खरं तर 'करायचे' म्हणायला हवं, पण ते त्यांच्यासमोर म्हणायची माझी छाती नाही. आमच्या भागात त्यांना नावाने कुणी ओळखत नाही, सगळे 'ठिपकेवाले' म्हणतात. छप्पर घालून झालं की हे घरमालकाला खाली बसवायचे, त्याच्यासमोर जमिनीवर कोरडं वर्तमानपत्र पसरायचे आणि स्वतः वर जाऊन बादलीने पाणी ओतायचे. दर बादलीनंतर वरून हाळी यायची, "ठिपका?" खालच्याने "नाही" म्हटल्याशिवाय पुढची बादली नाही. एका गिऱ्हाइकाने एकदा गंमत म्हणून "आहे" म्हटलं, तर ह्यांनी भर उन्हात तीन पत्रे उचलले. तो बिचारा खालून हात जोडून सांगत होता, की साहेब, थट्टा केली हो. थट्टा ही गोष्ट ह्यांच्या डोक्यावरून जाते, छपरावर असतानासुद्धा.

दुसरी त्यांची खोड म्हणजे घरचा फेरा. पाना हातातच हवा, मशीनने आवळलेल्या स्क्रूवर ह्यांचा विश्वास नाही. स्क्रू घट्ट बसला, खालचा रबरी वॉशर चपटा झाला, की दुसरा कुणीही पुढच्या स्क्रूकडे वळेल. हे त्याच स्क्रूला आणखी एक फेरा द्यायचे. भाजीवाली तोलून झाल्यावर वर चार मिरच्या टाकते ना, तसा. "हा एक घरचा," असं पुटपुटायचे. पस्तीस वर्षांत ह्यांचं एकही छप्पर गळलं नाही, वाऱ्याने उडालं नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून मला काय सांगायचंय ते पुढे येईलच.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीला दार आहे, खिडकी आहे आणि खिडकीसमोर लाकडाची वखार आहे. दिवसभर भुसा उडत असतो. मागच्या खोलीला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, तिसऱ्या बाजूला मोरी. या खोलीवर ह्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी पत्रा घातला, तो असा, की मुंगीलाही आत शिरायला वाट नाही. पाणी नाही, वारा नाही आणि उजेडही नाही. त्या खोलीत दिवसाढवळ्या ट्यूब लावून मी सव्वीस वर्षं काजं केली. मोठ्या शिंप्याकडचे कोट माझ्याकडे येतात. त्यांची काजं हाताने करायची असतात, काळ्या कापडावर काळ्या रेशमी दोऱ्याने. भुसा बसलेला काळा कोट कोण घेईल? म्हणून पुढची खोली नाही, मागचीच.

"एक पत्रा काढून तिथे उजेडाचं काहीतरी घाला," हे मी ह्यांना पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आमची लेक रांगत होती. आता तिची लेक शाळेत जाते. दर वेळी ह्यांचं उत्तर ठरलेलं.

"गळतंय का?"

"गळत नाही हो, पण दिसत नाही."

"छपराचं काम पाणी अडवायचं. दिसायला ट्यूब आहे."

जगाच्या घरांवर हे चढले, आणि माझ्या डोक्यावर मात्र अंधार ठेवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात भाडं न देता राहत होता. मी ट्यूब दोनदा बदलली. एकदा कोट घेऊन दाराच्या उंबऱ्यावर बसून पाहिलं, पण त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, तिथेही नीट दिसेना. काज वाकडं गेलं की मी वर बघायची आणि पत्र्याला शिव्या घालायची. पत्र्याला घातलेल्या शिव्या कुणाला लागतात ते घरात दोघांनाही ठाऊक होतं.

गेल्या दोन वर्षांत ह्यांच्या गुडघ्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, शिडी बंद. ह्यांनी मान डोलावली आणि शिडी विकली नाही. कामाला कुणी बोलवेना, तरी रोज सकाळी पाना तेल लावून पुसायचे आणि परत पिशवीत ठेवायचे. मला बघवायचं नाही, आणि बोललं तर घर डोक्यावर घेतील म्हणून मी बोलायची नाही.

अशात मोठ्या शिंप्याने दोन कोट परत पाठवले. पाठोपाठ स्वतःच आला. माणूस भला आहे. खुर्चीच्या कडेवर बसला, चहा घेतला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक काजाचा टाका मोजतं हो. हे बघा, इथे दोन टाके कापडाबाहेर गेलेत. मला काजाचं मशीन घ्यायचं नाही, मनापासून सांगतो. हे सहा कोट देऊन जातो. हे जमले तर तुमचं काम तुमच्याकडेच राहील. नाही जमले तर माझाही नाइलाज आहे."

तो गेल्यावर मी सहा कोट ह्यांच्या पुढ्यात ठेवले. "सव्वीस वर्षं तुमच्या पत्र्याखाली बसले," मी म्हटलं, "आता काम जायची पाळी आली. तुमचं गेलंय, आता माझंही घालवा." बोलले आणि जीभ चावली. तुमचं गेलंय, हे मी आजवर कधी म्हटलं नव्हतं. ह्यांनी कोटांकडे पाहिलं, मग मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा 'गळतंय का' असं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल, पत्रे बघून येऊ."

दुकानात पॉलिकार्बोनेटचे पत्रे उभे करून ठेवले होते. आपल्या पत्र्यासारख्याच नागमोडी पन्हळी, पण काचेसारखे स्वच्छ. पलीकडे उभा असलेला माणूस जरा हलता दिसत होता, इतकंच. ह्यांनी बोटाने टिचकी मारली आणि "प्लॅस्टिक" एवढंच म्हणाले. दुकानदार ह्यांच्या अर्ध्या वयाचा. त्याने समजावून सांगितलं, की काका, ज्या बाजूला कागद चिकटवलाय ती बाजू वर, उन्हाकडे. भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं. हा पत्रा उन्हात पसरतो, त्याला हलायला जागा लागते. आणि मुख्य म्हणजे आवळायचा नाही, नुसता टेकवायचा. हे सगळं ऐकताना ह्यांचा चेहरा असा होता, जसा काही कुणी त्यांना शिडी कशी धरावी हे शिकवतोय. मी मात्र त्याने दिलेलं माहितीचं पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं.

घरी आल्यावर मी ते वाचून दाखवायला लागले, तर हे म्हणाले, "पत्रकं वाचून छपरं झाली असती तर पोस्टमनने घातली असती."

रविवारी सकाळी जुना पत्रा काढला. मी शिडी धरून खाली. हे वर चढले ते एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, मध्ये मध्ये थांबून, आणि थांबलं की उगाच भिंतीकडे बघत, भिंत तपासायला थांबल्यासारखे. जुने स्क्रू सुटता सुटेनात. स्वतःच दिलेले घरचे फेरे आता स्वतःच्याच मनगटावर आले होते. शेवटी पत्रा निघाला आणि खोलीत आभाळ आलं. काय काय दिसलं म्हणून सांगू! जाळी, ट्यूबच्या पट्टीवरची काळी धूळ, भिंतीला गेलेला तडा, कोपऱ्यात लेकीने लहानपणी खडूने काढलेलं घर. मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

तीन नवे पत्रे लोखंडी अँगलवर चढले. ह्यांनी भोकं पाडली ती बरोबर स्क्रूच्या मापाची. मी खालून म्हटलं, "अहो, मोठी पाडायला सांगितली होती त्याने."

"मोठ्या भोकातून पाणी येतं."

"आणि आवळू नका म्हणाला होता."

"पत्रे तू घालतेस का मी?"

मला उजेडाशी मतलब होता. वरून एकेक स्क्रूचा करकर आवाज येत होता आणि प्रत्येकानंतर तो ओळखीचा सूर, "हा एक घरचा." दोन वर्षांनी तो शब्द ऐकत होते. खरं सांगते, त्या पुटपुटण्यापुढे पत्रकाची आठवण माझ्याही मनातून गेली.

बारा वाजता ऊन डोक्यावर आलं. आम्ही पुढच्या खोलीत जेवायला बसलो होतो. मागून टिक् टिक् असा आवाज यायला लागला. ह्यांनी घास हातात धरून ऐकलं. मग एकदम फाटकन वाजलं, आणि पाठोपाठ आणखी दोनदा. जाऊन पाहिलं तर पत्रे मध्येच फुगून वर आले होते आणि स्क्रूच्या भोकांपासून लांब लांब चिरा गेल्या होत्या. तीनपैकी दोन पत्रे कामातून गेले. हे दारात उभे राहून वर बघत होते. हातावर तसंच उष्टं. मग बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

मला राग यायला हवा होता. आलाही होता, अगदी जिभेच्या टोकापर्यंत. पण बादलीवर बसलेल्या माणसाकडे पाहिलं आणि नुसता थकवा आला. त्यांच्या हातून बिघडलेलं छप्पर मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते माझं होतं.

दोन दिवस हे शिडीकडे फिरकले नाहीत. पाना पुसला नाही. खोली उघडीच होती. शेजारणीने भिंतीवरून डोकावून "हवा खेळती केलीत वाटतं?" असं विचारलं, तेव्हा तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी मी एक जुना कोट काढला, माझा शिकताना बिघडवलेला. त्याचं बटण आणि काज ह्यांच्या पुढ्यात धरलं. म्हटलं, "हे लावून बघा." ह्यांनी खूप खटपट केली. बटण काजातून जाईना, ओढलं तर कडेचा टाका उसवला.

"हे काज मी अगदी बटणाच्या मापाचं पाडलं होतं. तेव्हा आमच्या शिवणाच्या बाईंनी पाठीत धपाटा घातला होता. काज बटणापेक्षा थोडं मोठं ठेवायचं असतं. ढिलं नाही, थोडं मोठं. माणूस बसतो, वाकतो, श्वास घेतो. कापडाला सरकायला जागा लागते."

हे बराच वेळ ते काज बोटाने चाचपत राहिले. मग म्हणाले, "किती मोठं?"

सव्वीस वर्षांत ह्यांनी मला कामातलं काही विचारलं ते हेच. मी करंगळीच्या नखाने दाखवलं. संध्याकाळी हे एकटेच दुकानात गेले. त्या पोराएवढ्या दुकानदाराला काय म्हणाले कुणास ठाऊक, पण दोन पत्रे आणि डोक्यात सगळी माहिती घेऊन आले. वाचलेल्या तिसऱ्या पत्र्याची भोकं स्वतःच मोठी करत बसले. प्रत्येक भोक पाडलं की मला हाक मारायचे, "बघ गं, तुझ्या काजासारखं झालं का?"

पुन्हा शिडी, पुन्हा दोन्ही पाय एका पायरीवर. या वेळी मी खालून कान देऊन ऐकत होते. स्क्रू बसला, पाना थांबला, आणि मग करकर. घरचा फेरा दिलाच होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाना उलटा फिरल्याचा आवाज आला. फेरा परत घेतला. दुसऱ्या स्क्रूला तेच, तिसऱ्यालाही तेच.

"अहो, मुळात देऊच नका ना!"

"हात ऐकत नाही गं," वरून आवाज आला. "दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. देतो आणि काढून घेतो."

असे सगळे स्क्रू झाले. दुप्पट काम, दुखऱ्या गुडघ्यावर. मी शिडीला टेकून उभी होते आणि माझेच खांदे भरून आले होते.

पुढच्या दिवशी दुपारचं ऊन गेलं, पत्रे टिकटिक करत पसरले आणि संध्याकाळी टिकटिक करत परत जागेवर आले. चीर गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि मला खाली बसवलं. इतक्या वर्षांत मी ह्यांच्या छपराखाली गिऱ्हाईक म्हणून कधी बसले नव्हते. दर वेळी उठून भरलेली बादली मी शिडीच्या निम्म्यापर्यंत पोचवायची, हे वरून ओढून घ्यायचे, की मी परत जागेवर. पाणी पत्र्यावरून धावत गेलं, त्याची सावली माझ्या अंगावरून गेली.

"ठिपका?"

"नाही."

"ठिपका?"

"नाही हो, नाही! उतरा आता."

"थांब," हे म्हणाले. "हे छप्पर पाण्यासाठी नाही घातलं. कोट घे."

मी कोट घेऊन बसले. काय उजेड होता! मोरीच्या दाराची कडी दिसत होती, लेकीच्या खडूच्या घराला तिने काढलेलं कुलूप दिसत होतं. कोटाचा काळा रंगसुद्धा उन्हात वेगळाच दिसत होता. मी सुई धरली, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं आणि सुईत घालायला गेले. दोरा बाजूने गेला. पुन्हा घातला, पुन्हा बाजूने गेला. सुई डोळ्याजवळ आणली, लांब धरली, उन्हाकडे धरली. सुईचं नाक जिथे असायला हवं तिथे नुसतं धुकं होतं. म्हटलं, दोरा राहू दे, नुसतं काज तरी बघू. कोट वर उचलला. काळ्या कापडावरचा काळा टाका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते मला कळेना. भर उन्हात, स्वच्छ पत्र्याखाली, माझ्या हातातलं काम मला दिसत नव्हतं.

तेव्हा मला ते समजलं. उंबऱ्यावर बसले होते त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, ते खरंच होतं. पण त्या दिवशीसुद्धा वखारीतला माणूस बिडी पेटवताना मला स्पष्ट दिसला होता. ट्यूब बदलली, पुन्हा बदलली, तरी काज वाकडं ते वाकडंच. दोष पत्र्याचा नव्हता. निदान गेली काही वर्षं तरी नव्हता.

"दिसतंय का?" वरून हाक आली. ठिपका विचारतात ना, अगदी त्याच आवाजात.

"दिसतंय," मी म्हटलं.

वर काही हललं नाही. शिडी वाजली नाही. मी पुन्हा दोरा घालायचा प्रयत्न केला, जमलं नाही, पुन्हा केला. मग एकेक पायरी करत हे खाली आले. मोरीत हात धुतले, लुंगीला पुसले, आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. दुखरा गुडघा दोन्ही हातांनी धरून सरळ करावा लागला.

"पत्रा आरपार आहे," हे म्हणाले. "वरून सगळं दिसतं. नऊ वेळा चुकलीस."

मग मला रडू फुटलं. डोळ्यांचं दुःख होतंच, पण रडू त्याचं नव्हतं. इतकी वर्षं बिनसलं की मी वर बघायची आणि ह्यांना बोल लावायची. आता वर बघितलं तर आभाळ होतं. सगळा राग हातात तसाच राहिला आणि तो ठेवायला घरात जागा उरली नव्हती. "मला खरंच वाटत होतं, पत्र्यामुळेच होतंय," एवढंच मी म्हणू शकले.

"मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं," हे म्हणाले. "अलीकडे म्हणून तर काढत नव्हतो. काढला आणि तरी नाही दिसलं तर, असं मनात यायचं."

त्यांनी माझ्या हातातून सुई घेतली. खिशातून चष्मा काढला, एक काडी दोऱ्याने बांधलेला. तीनदा चुकले, चौथ्यांदा दोरा गेला. गाठ मारून सुई माझ्याकडे दिली आणि मी ती कोटाला टोचून ठेवली. काज करायला घेतलं नाही. ते आता मला जमणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"उद्या कोट मी पोचवतो," हे म्हणाले. "त्याला सांगतो, डोळे दाखवायचेत, मग बघू. येताना डॉक्टरांचा नंबर लावून येतो."

"तुमच्या गुडघ्याचाही लावा."

"गुडघ्याचाही लावतो."

मी सहा कोट घडी करून पिशवीत भरले. जमिनीवरचं वर्तमानपत्र कोरडं होतं, तेही उचलून ठेवलं. एवढं झाल्यावर करायचं काही राहिलं नाही. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. वर पत्रे तापून टिकटिक करायला लागले होते, सगळ्या खोलीभर ऊन पसरलं होतं, आणि त्या उजेडात बसून करण्याजोगं दोघांकडेही काही काम नव्हतं.